फोंड्यातला ग्रॅनाइटचा ओटा: डाग, ओल आणि चवथीआधीचं काम (प्रकल्प नोंदी)

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पाहणी. गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं जांभ्या चिऱ्यांचं कौलारू घर, स्वयंपाकघर मागाहून नवं केलेलं. ओटा काटकोनात आहे. लांब बाजू नऊ फूट, आखूड साडेचार फूट, रुंदी दोन्हीकडे दोन फूट. दगडाची जाडी १८ मिमी, खाली आधाराला कडप्पा.

लांब बाजूचा दगड पांढरट, त्यात डाळिंबी रंगाचे बारीक ठिपके. बाजारात याला काश्मीर व्हाइट म्हणतात. खाणी मात्र तामिळनाडूत आहेत. ते ठिपके गार्नेट या लालसर खनिजाचे. आखूड बाजूला ब्लॅक गॅलेक्सी, आंध्रातल्या चिमकुर्तीचा दगड. दुकानात दोन्ही ग्रॅनाइट म्हणूनच विकले जातात, पण काळा दगड मुळात गॅब्रो या वेगळ्या, गडद अग्निजन्य खडकाच्या कुळातला आहे. त्याचे दाणे एकमेकांत घट्ट बसलेले असतात, त्यामुळे तो पाणी जवळजवळ पीतच नाही. पांढरा मात्र पितो. डागांचा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

पाण्याची चाचणी केली. दोन्ही दगडांवर कोरड्या, स्वच्छ जागी चमचाभर पाणी ओतलं, वर वाटी पालथी घातली आणि १५ मिनिटं थांबलो. पांढऱ्यावर पाचेक मिनिटांतच थेंबाच्या कडेने दगड काळपटला. काळ्यावर पुसल्यानंतर खूणही राहिली नाही. पांढऱ्याला सीलर (मुरणं कमी करणारं द्रव) लागणार, काळ्याला नको.

काळ्या दगडावर पांढरं फडकं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून घासलं. फडकं कोरं राहिलं, म्हणजे दगड रंगवलेला नाही. करड्या दगडाला काळा रंग पाजून तो काळा म्हणून विकण्याची चाल आहे. तसा दगड असता तर पुढची बरीचशी रसायनं त्याच्याजवळ नेताच आली नसती. लिंबाच्या रसाचे दोन थेंब दोन्हींवर पाच मिनिटं ठेवले. चमक गेली नाही, म्हणजे चुनखडीचा अंश नाही.

डागांवर चिकटपट्टीचे आकडे लावून फोटो काढले. १: शेगडीच्या उजवीकडे तेलाचा काळपट पट्टा, सुमारे १५ बाय २० सेंमी. २: मिक्सरखाली हळद-मसाल्याचा पिवळा-केशरी डाग. ३: सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्याचा जांभळट ओघळ. ४: आदोळीच्या (विळीच्या) पाटाखाली निळसर काळ्या रेघा. ५: तेलाच्या डब्याच्या बुडाचं गंजाचं कडं. ६: सिंकभोवती चार बोटं रुंद ओलसर काळोखी. ७: त्याच भागात विखुरलेले पिवळे ठिपके. ८: काळ्या दगडावर तळहाताएवढी निस्तेज जागा. ९: काळ्या दगडाच्या पुढच्या कडेचे दोन टवके. १०: सिंकच्या पुढच्या अरुंद पट्टीत केसाएवढी रेघ.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला आहे. नेवऱ्या (करंज्या) करायला ओटा २ सप्टेंबरपासून मोकळा हवा.

१२ ऑगस्ट

धुलाई. डागाला हात लावण्याआधी वरचा थर काढावाच लागतो, नाहीतर डाग ओढून काढणारा लेप दगडावर न बसता चिकट मेणचटपणावर बसतो. काळ्या भागावर चमक यावी म्हणून खोबरेल चोळलेलं आहे. गोव्यात हे घरोघरी करतात. त्याने दगडाला काही मिळत नाही. त्यावर धूळ बसते, बोटांचे ठसे उमटतात आणि दगड खराब झाल्यासारखा वाटतो.

एक लिटर कोमट पाणी, एक चमचा भांडी घासायचा साधा लिक्विड साबण, मऊ फडकं. फेस स्वच्छ पाण्याने दोनदा काढायचा. साबणाचा पातळ थर राहिला तर वाळल्यावर तोच धुरकट दिसतो. वाळलेलं पीठ, मेण, जुन्या सिलिकॉनचे थेंब एका धारेच्या ब्लेडने काढले. ब्लेड आडवं, दगडाशी फार तर ३० अंशांत, आणि दगड ओला. कोरड्यावर ब्लेड घासलं तर लोखंडाची करडी रेघ उठते. ती ओरखड्यासारखी दिसते, पण असतो तो धातूच.

घासणीची हिरवी बाजू वापरू नये. तिच्यातला अपघर्षक कण क्वार्ट्झपेक्षा कठीण असू शकतो आणि काळ्या दगडावर एका जागी रोज घासलं की गोलाकार भुरकट खुणा पडतात.

सिंकभोवतीचं सिलिकॉन कापून काढलं. आत, जिथे दगड कापलेला आहे ती धार कोरी, कसलाच लेप नाही. पाणी वरून कमी आणि या कापलेल्या धारेतून जास्त शिरलंय. ६ नंबरचा डाग म्हणजे निव्वळ ओल असावी. टेबलफॅन सिंककडे तोंड करून लावला, खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली. बाहेर धो धो पाऊस आहे, तेव्हा एका दिवसात फरक दिसणार नाही.

१४ ऑगस्ट

डाग १, तेल. लेपाची पद्धत.

दगडात मुरलेलं तेल वरून पुसून जात नाही. त्याला विरघळवणारं द्रव आत पोचवायचं, आणि ते द्रव वाळताना वर ज्या कोरड्या भुकटीकडे खेचलं जाईल तिच्यात तेल उतरवून घ्यायचं. भिजवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम वाळणं करतं. लेप ओला असतानाच खरवडला तर विरघळलेलं तेल दगडातच, थोडं जास्त पसरून राहतं.

आधी सुरक्षितता. अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि शून्याखाली २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सुटते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, फ्रिजचा प्लग काढला (कॉम्प्रेसरचा रिले खालीच असतो), देवघरातली समई दुसऱ्या खोलीत हलवली. खिडक्या उघड्या. पंखा, एक्झॉस्ट यांची बटणं वास जाईपर्यंत दाबायची नाहीत. नायट्राइलचे पातळ हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे काही मिनिटंच टिकतात, म्हणून रबराचे जाड मोजे.

डागाच्या चारही बाजूंनी अडीच सेंमी जास्त धरून २० बाय २५ सेंमी जागा. लेपाची जाडी ८ मिमी. एवढ्याला ४५० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि सुमारे २०० मिली अ‍ॅसिटोन लागलं. कालवता कालवताच बरंच उडतं, म्हणून आणखी ५० मिली हाताशी. काचेच्या भांड्यात, लाकडी चमच्याने कालवलं. काही प्लास्टिकची भांडी अ‍ॅसिटोनने मऊ पडतात. घट्टपणा टांगलेल्या चक्क्याएवढा हवा: चमचा उपडा केला तर पडू नये, पण पसरवला तर पसरावा. सैल झाला तर द्रव डागाच्या बाहेर धावतं आणि वाळल्यावर तिथे नवं कडं दिसतं.

लेप बाहेरच्या कडेपासून आत लावत गेलो. वर पॉलिथिनचा कागद, चारही कडा चिकटपट्टीने बंद, मधे सुईने दहा-बारा भोकं. भोकांमुळे वाळण्याचा वेग अगदी हळू राहतो आणि द्रवाला आत शिरायला वेळ मिळतो.

१५ ऑगस्ट

२४ तासांनी कागद काढला. लेपाच्या पृष्ठभागावर पाण्याचे बारीक थेंब. अ‍ॅसिटोन उडताना जागा थंड पडते आणि पावसाळी हवेतली वाफ त्या थंड जागेवर जमते. जानेवारीत हे होत नाही, ऑगस्टमध्ये हमखास होतं. अशा वेळी लेप कोरडा दिसत असला तरी त्यात पाणी असतं. वास पूर्ण गेल्याची खात्री करून फॅन मंद वेगावर लावला आणि लेप उघडाच ठेवला.

संध्याकाळी लेपाला भेगा पडल्या, कडा आपोआप सुटल्या. प्लास्टिकच्या उलथन्याने काढला. खालची बाजू पिवळसर, मेणकट. दगडावरचा पट्टा निम्म्याहून जास्त फिकट झालाय, मधला भाग अजून गडद. हीच जागा पुन्हा घ्यायची. जुन्या तेलाला एका लेपात दाद मिळत नाही, विशेषतः शेगडीजवळ, जिथे उष्णतेने तेल घट्ट होऊन चिकटासारखं बसतं. वापरलेला लेप केरात टाकण्याआधी अंगणात पडवीखाली उघडा सुकू दिला. अ‍ॅसिटोनचा गोळा बंद डब्यात कोंबणं धोक्याचं.

१७ ऑगस्ट

डाग १ वर दुसरा लेप, यावेळी सोड्याऐवजी चायना क्ले, म्हणजे बारीक पांढरी माती. तिचे कण बारीक, ओढ जास्त, आणि द्रवही जास्त धरते. त्याच जागेला ३५० ग्रॅम क्ले आणि २२० मिलीच्या आसपास अ‍ॅसिटोन.

सिंकभोवतीची काळोखी चार बोटांवरून दोन बोटांवर आलीय. ती ओलच होती हे पक्कं. अशा जागी हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीच, सोडा काहीही लावून उपयोग नसतो. उलट दर वेळी आणखी पाणी घातलं जातं. ओलसर काळोखी आणि तेलाचा डाग यांत फरक ओळखायचा तर हेअर ड्रायर दहा मिनिटं मध्यम गरमीवर, एक वीत अंतरावरून फिरवावा. ओल फिकट होते, तेल तसंच राहतं.

१९ ऑगस्ट

डाग १ उजेडात तिरकं बघितलं तरच जाणवतो. इथे थांबतोय.

डाग २, हळद आणि मसाला. हा दोन पदरी असतो. हळदीतलं कुर्कुमिन आणि लाल मिरचीचा रंग, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. आधी तेलासकट रंग अ‍ॅसिटोनने ओढायचा, मग उरलेल्या रंगावर पेरॉक्साइड. हा क्रम उलटा केला तर पाण्यातलं पेरॉक्साइड तेलापर्यंत पोचतच नाही. रेशाद या गोव्याच्या लाल मसाल्यात व्हिनेगरही असतं. त्याचं ग्रॅनाइटला काही होत नाही, पण ओघळ खाली कडप्प्यावर गेला तर तो खातो, कारण कडप्पा म्हणजे चुनखडक.

अ‍ॅसिटोन-क्लेचा लेप लावला. खाण्याचा सोडा इथे मुद्दाम टाळला. कुर्कुमिन अल्कलीत लाल होतं. सोड्याने डागाची कड तांबूस पडते आणि पाहणाऱ्याला वाटतं दगड बिघडला. धुण्याचा सोडा किंवा साबणचुरा लावला तर रंग आणखी भडक होतो.

२१ ऑगस्ट

डाग २ वर पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं ते ६ टक्क्यांचं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. तेवढं पुरे. कारखान्यात वापरलं जाणारं ३० किंवा ५० टक्क्यांचं घरात आणू नये, कातडी भाजते. क्ले आणि पेरॉक्साइड कालवून ६ मिमी थर, वर कागद. डाग ३ वर हाच लेप. सोलांचा जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो, पाण्यात विरघळतो, पेरॉक्साइडपुढे लवकर हार मानतो. त्यावर आधी साबण किंवा सोडा घासला तर रंग निळसर-हिरवट होतो. डाग वाढला नाही, फक्त रंग पालटला, पण घाबरून लोक मग अ‍ॅसिड काढतात आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं.

पेरॉक्साइडच्या लेपात दुसरं काही मिसळायचं नाही. व्हिनेगरबरोबर ते डोळे-घसा जाळणारं पेरअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड बनवतं. ब्लीच अमोनियात किंवा कुठल्याही अ‍ॅसिडात घातलं तर विषारी वायू सुटतो. एका जागी एक रसायन, मग भरपूर पाणी, मग वाळवण, मगच दुसरं.

पाण्यातला लेप या हवेत लवकर वाळत नाही. ओल उडायला कुठे जागाच नाही. इथे फॅन पहिल्या तासापासून चालतो, आगीची भीती नाही. दुपारी वीज गेली होती, तेवढा वेळ कागदही काढून ठेवला.

२३ ऑगस्ट

डाग ३ पूर्ण गेला. डाग २ ची फिकट पिवळी सावली उरलीय. तिला हात लावत नाही: कुर्कुमिन उन्हाने उडतं आणि ही जागा खिडकीसमोर आहे. पाऊस ओसरल्यावर तिरपं ऊन आत येईल तेव्हा उरलेलं काम तेच करेल.

डाग ४. आदोळीच्या लोखंडी पात्यावर केळफूल, कच्ची केळी, विलायती फणस चिरला की त्यांच्या चिकातलं टॅनिन आणि पात्याचं लोखंड मिळून लोहाचं टॅनेट बनतं. जुन्या काळी शाई याच रसायनाची करत. हे काळं आणि फणसाचा नुसता चीक, दोन्ही वेगळे. चीक खोबरेलाने सैल होतो आणि पुसला जातो. शाईला तेल, साबण, पेरॉक्साइड काहीच लागू पडत नाही. तिच्यातलं लोखंड पकडावं लागतं.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं ५ टक्के द्रावण: ५० ग्रॅम स्फटिक, एक लिटर कोमट पाणी. हे विषारी आहे, भुकटी नाकातोंडात जाता कामा नये. मोजे, चष्मा, आणि मुलं बाहेर. मापाचा चमचा, भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही. आधी शेगडीखालच्या लपलेल्या जागेवर बोटभर पट्टा दहा मिनिटं तपासला, काही बदल नाही. मग रेघांवर कापसाची पातळ घडी भिजवून दहा मिनिटं. रेघा करड्या झाल्या. पुन्हा दहा मिनिटं, गेल्या. लगेच पुसून, एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने पुसलं, मग साधं पाणी दोनदा.

ही वेळ ताणायची नाही. पांढऱ्या ग्रॅनाइटात बायोटाइट, गार्नेटसारखी लोहयुक्त खनिजं असतात. अ‍ॅसिड फार वेळ राहिलं तर ते या दाण्यांतलं लोखंड सोडवतं आणि हवेत ते पिवळं पडतं. ७ नंबरचे ठिपके नेमके असेच झालेले आहेत. सिंकजवळ कधीतरी बाथरूमचं अ‍ॅसिड वापरलं गेलंय. जवळच्या डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्समधला सिमेंटही खरबरीत झालाय आणि सिंकच्या स्टीलवर टोचल्यासारखे खड्डे दिसतात. तिन्ही पुरावे एकाच जागी.

२४ ऑगस्ट

डाग ५, गंज. या घराला नळाशिवाय विहीरही आहे. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह असू शकतं, कळशीच्या आतल्या तांबूस थरावरून ते कळतं. पण हे कडं पाण्याचं नाही, डब्याचं आहे: गोल, धारदार कडेचं.

दुकानात "गंज काढणारं" म्हणून मिळणाऱ्या पातळ द्रवांत पुष्कळदा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. बाकी कुठलंही अ‍ॅसिड क्वार्ट्झ-फेल्डस्पारला चटकन खाऊ शकत नाही, हे खातं. गंज जातो आणि सोबत पॉलिश. ८ नंबरची निस्तेज जागा ही त्याचीच असावी. माणसाला तर ते फारच वाईट: कातडीतून आत जातं, वेदना उशिरा सुरू होतात. लेबलवर फ्लोराइड शब्द असेल ते घरात नको.

आम्ही वापरलं ते सोडियम सायट्रेट आणि सोडियम हायड्रोसल्फाइट, रंगारी ज्याला हायड्रो म्हणतात ते. एक भाग सायट्रेट सहा भाग पाण्यात विरघळवून त्या द्रावणाने कडं १५ मिनिटं ओलं ठेवलं. त्यावर हायड्रोची पातळ चिमूट भुरभुरवली आणि वर क्ले व पाण्याचा लेप. हायड्रो गंजातल्या लोहाचं रूप बदलून ते विरघळण्याजोगं करतं, सायट्रेट ते धरून ठेवतं. तासाभरात लेप काढून भरपूर पाण्याने धुतलं. इथे तेलाच्या लेपासारखं वाळू द्यायचं नाही. सुटलेलं लोह दगडात राहिलं तर हवा लागून पुन्हा तपकिरी होतं.

हायड्रोला ओलाव्याचा स्पर्श झाला की ते तापतं, मोठा साठा ओला झाला तर पेटही घेतं, आणि सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो. पावसाळ्यात लागेल तेवढंच, ५० ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात आणायचं. दम्याच्या माणसाने त्या खोलीत थांबू नये.

कडं फिकट झालं, बदामी खूण उरली. २६ ला पुन्हा एकदा हाच प्रयोग, त्यानंतर नाही.

७ नंबरचे ठिपके तसेच ठेवणार. ते बाहेरून आलेले नाहीत, दगडातूनच उमटलेत. ओढून काढायला गेलं की आणखी उमटतात. जागा कोरडी राहिली तर वाढत नाहीत, एवढं नक्की.

२७ ऑगस्ट

काळ्या दगडाचा दिवस. निस्तेज जागा सीलरच्या थराची असू शकते का, हे आधी पाहिलं. अ‍ॅसिटोनने घासल्यावर सीलरचा धुरकटपणा हलतो, फडक्यावर चिकट येतो. इथे काही हललं नाही, बोटाला जागा किंचित खरबरीत लागते. म्हणजे पृष्ठभागच खाल्ला गेलाय. यावर मलम नाही, पुन्हा पॉलिशच. पाण्यावर चालणारं यंत्र, हिऱ्याचे पॅड ४०० पासून ८००, १५००, ३००० आणि शेवटी बफ. नुसत्या त्या तळव्याएवढ्या जागेवर यंत्र टेकवलं तर खोलगट होतं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकतं. आजूबाजूला हातभर घेऊन उतार पसरवावा लागतो. चिखल आणि पाणी सगळीकडे उडतं, म्हणून हे चवथीनंतर पॉलिशवाल्याकडून.

टवके आज भरले. नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडल्याचा हा परिणाम. जागा दोन्ही वेळा एकच, हाताला सोयीची. कडा हेअर ड्रायरने तापवून कोरडी केली, अ‍ॅसिटोनने पुसली. दोन नळ्यांचा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी, दोन्ही भाग सारखे, त्यात काळ्या दगडाची वस्त्रगाळ पूड. चिकटपट्टीचा बांध घालून किंचित उंच भरलं. ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो साबणपाण्याने पुसून टाकायचा. पाचेक तासांनी, नख रुततं पण चिकटत नाही अशा अवस्थेत, ब्लेड आडवं धरून कडेबरोबर तासलं. पूर्ण कडक झाल्यावर तासलं तर भरणं उखडून येतं. काळ्या दगडातले सोनेरी ठिपके अर्थातच त्यात नाहीत. जवळून बघितलं तर भरणं कळतं.

२८ ऑगस्ट

सिंकसमोरची रेघ. नख आडवं फिरवलं तर अडकतं. नैसर्गिक शीर असती तर नख सरळ गेलं असतं. तेव्हा ही चीरच. सिंकपुढची पट्टी अडीच इंच रुंद, खालचा कडप्पा तिथे कापलेला, आणि पाण्याने भरलेली हंडी रोज याच पट्टीवर टेकवली जाते. काही कारागीर अशा पट्टीच्या पोटात लोखंडी सळई बसवतात. ती ओलीने गंजते, फुगते आणि आतून दगड फाडते. गोव्याच्या हवेत हे लवकर होतं. इथे खालून पाहिलं, सळई नाही.

चिरेत पाण्यासारखा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) थेंबाथेंबाने सोडला, तो स्वतःच आत ओढला जातो. उरलेला ब्लेडने काढला. खालून २५ मिमी रुंद, ५ मिमी जाड स्टेनलेसची पट्टी इपॉक्सीने चिकटवून रात्रभर लाकडी टेकू दिला. कापलेल्या कोऱ्या धारेला इपॉक्सीचा पातळ हात.

२९ ऑगस्ट

सिंकभोवती सिलिकॉन. न्यूट्रल क्युअर (घट्ट होताना अ‍ॅसिड न सोडणारं), नळीवर दगडासाठी असल्याचं लिहिलेलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही. शिवाय साध्या सिलिकॉनमधलं तेलकट द्रव्य पांढऱ्या दगडात झिरपून कायमची काळपट किनार धरतं, आणि ती काढणं तेलाच्या डागापेक्षाही अवघड. सीलरच्या आधी सिलिकॉन, हा क्रम पाळला. सीलर लागलेल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही.

रात्री ओलीची चाचणी. पांढऱ्या दगडावर तीन ठिकाणी फूटभर पॉलिथिनचे तुकडे, चारही कडा चिकटपट्टीने बंद.

३० ऑगस्ट

शेगडीजवळचे दोन्ही तुकडे कोरडे. सिंकजवळच्या तुकड्याखाली दगड किंचित गडद. आज सीलर लावणार होतो, लावला नाही. दगडात ओल असताना सीलर लावला तर तो आत शिरत नाही आणि ओलीचा बाहेरचा रस्ता अडखळतो. फॅन चालू, सिंक वापरायचं नाही, भांडी मागच्या न्हाणीत.

१ सप्टेंबर

पहाटे चाचणी परत, तिन्ही तुकडे कोरडे. सीलर आजच, कारण उद्यापासून पीठ मळायचं आहे. काश्मीर व्हाइटचं क्षेत्र १.६७ चौरस मीटर. २०० मिली पुरला. सिलेन-सिलॉक्सेनचा, आत मुरणारा, वर थर न धरणारा. सिलिकॉनच्या रेषेवर चिकटपट्टी, मग सुती फडक्याने तीन फुटांचा एकेक भाग ओला केला. दहा मिनिटं ओला ठेवायचा, जिथे पटकन पिऊन टाकतो तिथे पुन्हा हात. जुन्या तेलाच्या जागेने सगळ्यात जास्त प्यायला. तेल निघालं याची ही खूण. मग कोरड्या फडक्याने, आणि नंतर दुसऱ्या कोऱ्या फडक्याने, पृष्ठभागावर एकही ओला डाग उरणार नाही असं पुसलं. पुसणं राहिलं तर वाळून पांढुरका थर धरतो. तसं झालंच तर थोडा ताजा सीलर त्यावर लावून दोन मिनिटांत घासून पुसावा, जुना मऊ होऊन निघतो.

२४ तास पाणी नाही, ७२ तास तेल, हळद, सोलं नाहीत. नेवऱ्यांचं पीठ उद्या परातीत मळायचं, तळण ४ तारखेला दुपारनंतर. तोवर शेगडी काळ्या भागावर हलवली.

४ सप्टेंबर

पाण्याची चाचणी पुन्हा, १५ मिनिटं, पांढऱ्या दगडावर खूण नाही. सीलर दगडाला अभेद्य करत नाही, फक्त मुरण्याचा वेग कमी करतो. हळदीचं तेल तासात पुसलं तर निघेल, रात्रभर राहिलं तर मुरेलच.

घरच्यांना दिलेल्या सूचना: तेलाच्या बाटल्या, डबे, बिडाचा तवा थेट दगडावर नको, खाली स्टीलची ताटली. आदोळीखाली लाकडी पाट, त्याखाली जुनं सुती फडकं, काम झाल्यावर फडकं उचलायचं. ओलं फडकं रात्रभर राहिलं तर तेच डाग देतं. नारळ पायरीवर फोडायचा. शेगडीवरून उतरवलेली कढई लाकडी किंवा सुतळीच्या चुंबळीवर. ग्रॅनाइट उष्णतेने जळत नाही, पण गार दगडाचा एकच भाग अचानक तापला तर ताण पडतो आणि सिंकसमोरची पट्टी आधीच दुबळी आहे. रोज पुसायला पाणी आणि साबणाचा थेंब. लिंबू, व्हिनेगर, फिनेल यांची गरज नाही.

चिरेच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूने पेन्सिलच्या खुणा करून तारीख घातलीय. दिवाळीआधी पॉलिशवाला येईल तेव्हा चीर खुणेपुढे गेली का ते पाहायचं. गेली असेल तर सिंकची पुढची पट्टी बदलावी लागेल, आणि तेव्हा तिथला कडप्पाही पूर्ण रुंदीचा घालून घ्यायचा.